रेझिनचा सांधा आणि पितळेची पिन

टेबलावर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतील सैनिक, राक्षस आणि यंत्रे यांच्या छोट्या प्रतिकृती अनेकदा रेझिन या साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या कृत्रिम पदार्थाच्या असतात आणि सुट्या भागांत विकल्या जातात. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम हे या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. जपानमध्येही अशा ओतीव संचांची स्वतंत्र परंपरा आहे. भाग घरी जोडून रंगवणे हाच या छंदाचा गाभा असतो. मात्र पंख पसरलेला ड्रॅगन नुसत्या गोंदावर जोडला, तर एखाद्या हलक्या धक्क्यानेही त्याचा पंख मुळापासून निखळतो. यात बहुतेक वेळा गोंदाच्या प्रतीचा दोष नसतो. सांध्यावर बळ कोणत्या दिशेने येते, हा खरा प्रश्न असतो.

ओतीव रेझिन म्हणजे बहुधा पॉलियुरेथेन. आयसोसायनेट आणि पॉलिऑल हे दोन द्रव मिसळून सिलिकॉनच्या साच्यात ओतले की त्यांच्या रेणूंचे जाळे विणले जाऊन घन पदार्थ तयार होतो. हे जाळे विद्रावकात विरघळत नाही. त्यामुळे साध्या प्लॅस्टिकच्या मॉडेलांच्या कडा विरघळवून एकजीव करणारे सिमेंट येथे निरुपयोगी ठरते आणि सायनोअ‍ॅक्रिलेट किंवा इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा गोंद) यांच्याकडे वळावे लागते. आयसोसायनेट हा शब्द वाचून भोपाळ आठवणे स्वाभाविक आहे. १९८४ साली तेथे गळलेले मिथाइल आयसोसायनेट सुमारे ३९ अंश सेल्सिअसला उकळते. ओतकामात सामान्यतः वापरली जाणारी आयसोसायनेटे त्या मानाने फारच कमी बाष्पनशील असतात आणि नीट घट्ट झालेल्या भागात त्यांची अभिक्रिया जवळपास पूर्ण झालेली असते. द्रव अवस्थेत मात्र त्यांच्यामुळेही दमा जडू शकतो, म्हणून घरी रेझिन ओतण्याचे काम पुरेशा माहितीशिवाय आणि साधनांशिवाय करू नये.

सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे आपल्याकडे घरोघरी असणारे फेविक्विक. हॅरी कूव्हर यांच्या कोडॅकमधील गटाला हे रसायन १९४२ साली हाती लागले आणि १९५८ साली ते गोंद म्हणून बाजारात आले. पृष्ठभागावरील बाष्पाच्या अत्यल्प थरामुळे त्याचे रेणू एकमेकांना साखळीने जोडले जातात, म्हणून त्याचा थर जितका पातळ, तितका सांधा चांगला. पावसाळी दमट हवेत तो अधिक झपाट्याने घट्ट होतो. दोन भाग सरळ ओढून वेगळे करणाऱ्या बळाला हा गोंद चिवटपणे तोंड देतो, पण तो ठिसूळ असल्यामुळे धक्का किंवा कडेने उचकटणारे बळ त्याला सोसत नाही. ३ मिलिमीटर रुंदीच्या सांध्यावर १० सेंटिमीटर लांबीचा पंख उभा आहे, असे समजा. त्याच्या टोकावर ५० ग्रॅम वजनाइतका दाब पडला, तर तरफेच्या नियमाने सांध्याच्या एका कडेला उचकटणारे बळ दीड किलोहून अधिक वजनाइतके होते, आणि ते सारे गोंदाच्या एका बारीक रेषेवर येते.

पिन नेमके हेच बदलते. दोन्ही भागांत १ मिलिमीटर व्यासाचे व ५ मिलिमीटर खोलीचे छिद्र पाडून त्यांत पितळी तार बसवली की वाकवणारे आणि सरकवणारे बळ धातू पेलतो. शिवाय गोंदाला पृष्ठभागही अधिक मिळतो: ३ मिलिमीटर व्यासाच्या गोल सांध्याचे क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस मिलिमीटर भरते, तर एका छिद्राच्या आतील भिंतीचे जवळपास १६. एकच गोल पिन असेल तर भाग तिच्याभोवती फिरू शकतो. जड पंखाला दोन पिना द्याव्यात, असे माझे ठाम मत आहे.

जोडणीआधी सर्व भाग कोमट साबणाच्या पाण्याने घासून धुवावेत, कारण ओतीव वस्तू साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर राहिला तर कोणताही गोंद धरत नाही. समोरासमोरची छिद्रे जुळवण्यासाठी एका भागातील छिद्राच्या तोंडाशी रंगाचा ठिपका द्यावा आणि दुसरा भाग त्यावर हलकेच टेकवावा, म्हणजे छिद्राची जागा आपोआप उमटते. ड्रिल हातानेच फिरवावे. विजेच्या वेगवान ड्रिलने निर्माण होणाऱ्या उष्णतेने रेझिन मऊ पडते आणि पाते अडकते. हाताने फिरवताना पांढऱ्या भुशाच्या बारीक वळ्या बाहेर येतात. त्या येईनाशा झाल्या की ड्रिल बाहेर काढून छिद्र साफ करावे. पाते आरपार निघाले तर ते तळहातात शिरणार नाही, अशा रीतीने भाग धरावा. तारेला पॉलिश पेपरने चरे पाडले तर गोंद अधिक पकडतो.

लोक गोंदाच्या वासाला घाबरतात आणि धुळीकडे दुर्लक्ष करतात, याची मला फार काळजी वाटते. कानस किंवा कोरडा पॉलिश पेपर चालवताना उडणारे सर्वांत बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि फुप्फुसांत खोलवर पोहोचू शकतात. म्हणून वॉटर पेपर ओला करूनच घासावे, एन-९५ मुखपट्टी लावावी, आणि टेबल झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. ही मुखपट्टी कण अडवते, वाफा नव्हे. सायनोअ‍ॅक्रिलेटच्या वाफांसाठी खिडकी उघडी हवी. हा गोंद सुती कापडावर सांडला तर अभिक्रियेने भाजण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते, तेव्हा सुती हातमोजे वापरू नयेत. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात सोडवावीत. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. डोळ्याला अ‍ॅसिटोन (हा गोंद विरघळवणारे द्रव्य) कदापि लावू नये.

थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या रेझिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते सामान्यतः ४०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाने घट्ट होते, पण पोकळ भागाच्या आत तो प्रकाश पोहोचत नाही, आणि छिद्र पाडताना अडकून राहिलेले द्रव रेझिन बाहेर येऊ शकते. त्यामुळे त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. अशा भागाला हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत, पोकळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी, ती पूर्ण वाळू द्यावी, आतून प्रकाश देऊन ती घट्ट करावी आणि त्यानंतरच पिन बसवावी.