गुडघ्याला बाशिंग, मुहूर्त तीन वर्षांनी: अमेरिकी अध्यक्षीय प्रचार लांबला कसा?

1968 साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी 27 एप्रिलला उमेदवारी जाहीर केली, एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणारे मतदान) लढवली नाही आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात ते डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. घोषणेपासून मतदानापर्यंत 192 दिवस. 2020 च्या निवडणुकीसाठी मेरीलँडचे खासदार जॉन डिलेनी 28 जुलै 2017 लाच बाशिंग बांधून उभे राहिले, म्हणजे मतदानाला 1194 दिवस बाकी असताना. आयोवात पहिले मत पडायच्या तीन दिवस आधी त्यांनी माघार घेतली.

या फरकाचे खापर सहसा नेत्यांच्या हावेवर आणि चोवीस तासांच्या वाहिन्यांवर फोडले जाते. हाव 1968 सालीही होतीच. बदलले ते नियम.

शिकागोत रस्त्यावर लाठ्या चालल्या आणि सभागृहात पक्षाच्या पुढाऱ्यांनी उमेदवार ठरवला. त्यावरून उसळलेला रोष शमवायला पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला. अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींची निवड उघडपणे, आधी सूचना देऊन आणि निवडणुकीच्याच वर्षात व्हावी, असे आयोगाने बंधन घातले. ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रायमरी, म्हणून राज्यामागून राज्ये प्रायमरीकडे वळली. चार पुढाऱ्यांना पटवायचे तर चार महिने पुरतात. पन्नास राज्यांतल्या मतदारांपर्यंत पोचायला ते पुरत नाहीत. आयोगाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न यांना हे सर्वांत आधी उमगले, यात नवल नाही. 1972 साठी त्यांनी 18 जानेवारी 1971 लाच घोषणा केली.

आयोवाची गोष्ट तर निव्वळ कारकुनी. तिथे वस्ती, काउंटी, जिल्हा आणि राज्य अशा चार पायऱ्यांनी प्रतिनिधी निवडले जात, आणि दोन पायऱ्यांमध्ये किमान तीस दिवस ठेवायचे ठरले. राज्य अधिवेशन मे महिन्यात. तिथून उलटे मोजत गेले की पहिली पायरी जानेवारीत येते. अशा रीतीने 24 जानेवारी 1972 ही तारीख ठरली, आणि आयोवा तोवर पहिल्या असलेल्या न्यू हॅम्पशायरच्याही पुढे गेले. तेव्हा याची फारशी दखल कुणी घेतली नाही. जॉर्जियाचे राज्यपाल जिमी कार्टर यांनी मात्र घेतली. त्यांनी 12 डिसेंबर 1974 ला घोषणा केली, वर्षभर आयोवा पालथे घातले आणि जानेवारी 1976 मध्ये सुमारे 28 टक्के मते मिळवली. खरे तर कोणत्याही उमेदवाराला न बांधलेले 37 टक्के होते, पण मथळे कार्टरनाच मिळाले. त्यानंतर प्रत्येक दुर्लक्षित राज्यपालाला हा धडा तोंडपाठ झाला.

पुढे राज्याराज्यांत तारखांची चढाओढ लागली. आपली प्रायमरी तशा कोणत्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी, असा न्यू हॅम्पशायरचा कायदाच आहे. 2008 साली फ्लोरिडा आणि मिशिगन नियम मोडून पुढे सरकले आणि दोघांनाही प्रतिनिधी-कपातीचा दंड झाला. पण त्या रेट्यात आयोवा 3 जानेवारीवर येऊन ठेपले. मतदान नाताळाला चिकटले, की प्रचार आदल्या वर्षात जातो, आणि पैसा त्याच्याही आदल्या वर्षापासून जमवावा लागतो.

पैशाचा पेच सर्वांत कमी चर्चिला जातो. 1974 च्या कायद्याने एका व्यक्तीच्या देणगीला 1,000 डॉलरची मर्यादा घातली. पूर्वी एखादा धनाढ्य एका बैठकीत देई तेवढी रक्कम आता शेकडो जणांकडून गोळा करायची. सरकारी जोडनिधी (जमवलेल्या देणग्यांना जोड म्हणून मिळणारा सरकारी पैसा) हवा असेल तर 20 राज्यांतून प्रत्येकी 5,000 डॉलर, तेही माणशी 250 पर्यंतचेच धरायचे. हे काम एका हंगामात होत नाही. अलीकडे वादसभेच्या व्यासपीठावर चढायलाही देणगीदार मोजले जातात: 2019 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने 65,000 मागितले (किंवा तीन जनमत चाचण्यांत 1 टक्का), 2023 मध्ये रिपब्लिकन पक्षाने 40,000, शिवाय चाचण्यांतला टक्का. तो आकडा गाठायला नॉर्थ डकोटाचे राज्यपाल डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचे गिफ्ट कार्ड देऊ केले. हिशेब उलटा वाटतो, पण नियमाच्या चौकटीत अगदी सरळ!

‘लढणार की नाही’ या कुजबुजीचीही मुळे कायद्यातच आहेत. 5,000 डॉलरहून अधिक जमवले किंवा खर्चले की माणूस कायद्याने उमेदवार होतो, आणि 15 दिवसांत त्याला निवडणूक आयोगाकडे अर्ज भरावा लागतो. चाचपणीला मात्र सूट: प्रवास, जनमत चाचणी, फोनाफोनी चालते, जाहिरातबाजी किंवा ‘मी उमेदवार आहे’ असे म्हणणे चालत नाही. म्हणून पुढारी महिनोन्महिने ‘जर-तर’च्या भाषेत बोलतात. 2015 मध्ये जेब बुश यांनी ही सूट पुरेपूर वापरली. उमेदवार झाल्यावर सुपर पॅकसाठी (उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या समितीसाठी) अमर्याद देणग्या मागता येत नाहीत, म्हणून त्यांनी 15 जूनपर्यंत घोषणा टाळली. तोवर मे महिन्यात नेवाडात एकदा ‘मी लढतोय’ असे तोंडून निघून गेले आणि लगेच ‘लढलो तर’ अशी सारवासारव करावी लागली. त्यांच्या समर्थक पॅकने पहिल्या सहा महिन्यांत दहा कोटी डॉलरहून अधिक जमवले. बुश मात्र फेब्रुवारी 2016 मध्ये साउथ कॅरोलायनानंतर बाहेर पडले.

डोनाल्ड ट्रम्प यांनी हा खेळच उरकून टाकला. शपथ घेतली त्याच दिवशी, 20 जानेवारी 2017 ला, 2020 चा अर्ज निवडणूक आयोगाकडे गेला.

2024 मध्ये कमला हॅरिस 107 दिवसांत लढल्या, तेव्हा ‘बघा, लहान प्रचारही जमतो’ असे बरेच जण म्हणाले. पण 21 जुलैला जो बायडन उमेदवारीतून बाजूला झाले त्याच दिवशी त्यांच्या प्रचार समितीच्या अर्जात दुरुस्ती करून हॅरिस यांचे नाव घालण्यात आले. समितीचा पैसा, कार्यालये, माणसे, सगळे एप्रिल 2023 पासून उभे होते. आणि हम्फ्री यांच्यानंतर प्रायमरी न लढवता उमेदवारी मिळालेल्या त्या पहिल्याच.