आर्केड गेम्सचं इम्युलेशन आणि जतन

आर्केड इम्युलेशन म्हणजे गेम पार्लरमध्ये टोकन टाकून खेळायचं जे मशीन असायचं, त्याच्या आतल्या चिप्सचं काम घरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचं आणि मूळ गेम जसाच्या तसा चालवायचा. गेम नव्याने बनवलेला नसतो, तोच जुना कोड, त्याच्या चुकांसकट.

यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे मेम (MAME) हा इम्युलेटर, म्हणजे हे काम करणारं सॉफ्टवेअर. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ५ फेब्रुवारी १९९७ ला पहिली आवृत्ती काढली, २०१६ पासून ते पूर्ण ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. कीबोर्डवर ५ दाबलं की नाणं पडतं, १ दाबलं की खेळ सुरू. मडगाव-पणजीच्या पार्लरमध्ये ज्यांनी खाऊचे पैसे संपवलेत त्यांना पहिल्यांदा ५ दाबताना काय वाटतं ते सांगून कळायचं नाही, हवी तेवढी नाणी! पण मेमवाल्यांचा मूळ हेतू हार्डवेअर नेमकं कसं चालायचं ते लिहून ठेवणं हा आहे, खेळता येतं हा वरचा फायदा. म्हणून चिपमधून वाचून काढलेल्या (याला डंप म्हणतात) प्रत्येक फाइलचा सीआरसी आणि एसएचए-१ आकडा (फाइलमधल्या डेटावरून काढलेला जणू अंगठ्याचा ठसा) नोंदलेला असतो, एक बिट जरी बदलला तरी पकडलं जातं.

जतन का करायचं ते कॅपकॉम या गेम कंपनीच्या १९९३ च्या सीपीएस-२ बोर्डावरून (मशीनच्या आतल्या चिप्सच्या पाटीवरून) कळतं. गेम एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, किल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत, बॅटरी संपली की किल्ली गेली आणि चांगला धडधाकट बोर्ड कायमचा मुका. लोक तिला सुसाइड बॅटरीच म्हणतात. ते एन्क्रिप्शन २००७ मध्ये पूर्ण उलगडलं, आज मेलेला बोर्डसुद्धा उठवता येतो.

आता लोकांना वाटतं जुने गेम धोक्यात आहेत आणि नवे सुरक्षित. माझ्या मते उलटं आहे. नव्या आर्केड मशीनमध्ये २००४ चा तायतो टाइप एक्स म्हणजे आत साधा पीसी, विंडोज एक्सपी एम्बेडेड, २००५ चा सेगा लिंडबर्ग म्हणजे पेंटियम ४ वर लिनक्स. प्रोसेसर आपल्या घरच्या पीसीच्याच घराण्यातला, त्यामुळे इथे पूर्ण इम्युलेशन लागतच नाही, टेक्नोपॅरटसारखा लोडर मशीनचा इनपुट बोर्ड, डाँगल (गेमसोबत जोडायची किल्लीसारखी छोटी वस्तू) वगैरे हजर आहेत असं गेमला भासवतो, स्टिअरिंग नाहीतर गन जोडली की झालं. खेळायला सोपं, जपायला अवघड, कारण गेम चिपवर नाही तर फिरत्या हार्ड डिस्कवर, वर डाँगलचं कुलूप, आणि काही गेम कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय सुरूच होत नाहीत, सर्व्हर बंद पडला की खेळाडूच्या कार्डवर साठवलेली रेसिंग गेममधली गाडी, रँकिंग सगळं गेलं. जुन्या गेमची रॉम चिप (कोड कायमचा साठवणारी) तीस वर्षं टिकते, डिस्क दहा वर्षांत कुरकुर करायला लागते.

त्यात आपली गोव्याची हवा. जूनपासून चार महिने ओल, समुद्राकडची खारी हवा, बोर्डाच्या पिनांवर हिरवट थर चढतो, गळकी बॅटरी असेल तर ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) सुद्धा खाते. एका बंद झालेल्या गेम झोनमधली ८० जीबीची डिस्क माझ्याकडे आली होती, लावली की टक्... टक्... करायची. डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं, ते आधी चांगला भाग उचलतं, मग खराब सेक्टरवर परत परत जातं, आणि कुठवर आलं त्याची फाइल ठेवतं म्हणून मध्ये लाइट गेली तरी पहिल्यापासून करावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब कॉपी, पूर्ण झाली, आठवड्यात डिस्क मेली. पावसाआधी घरात पुरुमेंत भरतात ना, सुकी मासळी, मिरच्या, सोलां, तसंच डिस्कची कॉपी मे महिन्यातच काढून ठेवावी.

गोव्यात नुसतं मशीन म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कॅसिनो आठवतो, १९७६ च्या जुगार कायद्यातही इलेक्ट्रॉनिक अम्युझमेंट हे शब्द पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशीनच्या जोडीला आलेत. पोरांच्या मशीन त्यात कुठेच नाहीत, त्या सरळ भंगारात गेल्या याचं मला खरंच वाईट वाटतं.

कायद्याचं म्हणाल तर इम्युलेटर वापरणं हा प्रश्न नाही, प्रश्न गेमच्या फाइलींचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला बॅकअप काढू देतं, पण दुसऱ्यांना वाटू देत नाही. ग्रिडली, रॉबी रोटो असे काही गेम मालकांनीच घरगुती वापरासाठी फुकट दिलेत, सुरुवात त्यांच्यापासून करावी.

आणि कुठे भंगारवाल्याकडे बोर्ड दिसलाच तर घरी आणून लगेच करंट देऊ नका. आधी दोन्ही बाजूंचे फोटो, चिपवरच्या स्टिकरवरचे नंबर वहीत, मग ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून दोन दिवस सुकवा. आणि स्टिकर काढू नका, त्याच्याखाली बऱ्याचदा चिपची काचेची खिडकी असते, उजेडाने आतला डेटा पुसला जातो.