शाश्वत वस्ती नियोजन प्रशिक्षण (नाशिक)

महापालिकेतील अधिकारी, अभियंते आणि नगररचना विभागाचे कर्मचारी यांच्यासाठीचे सेवांतर्गत प्रशिक्षण. पायी दहा-पंधरा मिनिटांत ओलांडता येईल एवढा भाग घेऊन त्यातले रस्ते, घरे, दुकाने, पाणी, सांडपाणी आणि मोकळ्या जागा यांचा एकत्र विचार कसा करायचा, हा त्याचा विषय. विकास आराखडा असतो सगळ्या शहराचा, बांधकाम परवानगी असते एका भूखंडाची. मधली पायरी, म्हणजे वस्ती, रोजच्या कारभारात कोणाच्याच टेबलावर येत नाही. प्रशिक्षणाचा खरा रोख या मधल्या पायरीवर असायला हवा.

नाशिकमध्ये ही पायरी विशेष अवघड आहे. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड व देवळाली या नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून महापालिका स्थापन झाली. त्यामुळे एकाच हद्दीत वाड्यांचे जुने नाशिक, सिडको या सरकारी महामंडळाची आखीव वसाहत, सातपूर-अंबडचे कारखाने, गावठाणे आणि मळे आले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती आणि हद्दीचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. सरासरी काढली तर चौरस किलोमीटरला पावणेसहा हजारांच्या आसपास माणसे येतात. दाटीवाटीच्या भद्रकालीत राहणारा या आकड्याला हसेल आणि मळ्यांच्या मखमलाबादचा शेतकरीही. वस्तीनिहाय मोजणी करायला शिकवायची ती यासाठीच.

शिकवण्याची चौकट बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक संस्थेने, यूएन-हॅबिटॅटने, मांडलेल्या पाच तत्त्वांवरून घेतली जाते. रस्त्यांसाठी किमान ३० टक्के जमीन आणि चौरस किलोमीटरमागे किमान १८ किलोमीटर लांबीचे रस्ते. चौरस किलोमीटरला किमान १५,००० लोकवस्ती. किमान ४० टक्के बांधीव क्षेत्र व्यवसाय-रोजगारासाठी. निवासी क्षेत्रातील २० ते ५० टक्के वाटा कमी खर्चाच्या घरांसाठी. आणि एकाच वापराला बांधलेले भूखंड वस्तीच्या १० टक्क्यांहून कमी. आकडे पाठ करून उपयोग नाही, ते नकाशावर उतरवून पाहावे लागतात. १८ किलोमीटर म्हणजे दोन्ही दिशांनी साधारण दर ११० मीटरवर एक रस्ता, आणि ३० टक्के जमिनीशी त्याची सांगड घातली की रस्त्याची सरासरी रुंदी १६-१७ मीटर निघते. म्हणजे विकास आराखड्यातले चार-दोन रुंद रस्ते आखून भागत नाही, मधल्या गल्ल्यांचे जाळेही लागते.

हेच माप सिडकोला लावले की गंमत होते. औद्योगिक कामगारांसाठी टप्प्याटप्प्याने सहा योजनांत उभी राहिलेली ही घरे छोटी, ओळीतली, लहान गल्ल्यांवर. लोकांनी पुढे मजले चढवले, समोरच्या खोलीत किराणा, शिवणकाम, क्लिनिक सुरू केले, मोकळी सोडलेली जागा आत ओढली. घनता आणि मिश्र वापर या दोन्ही बाबतींत सिडको, ऐसपैस बंगल्या-अपार्टमेंटांच्या गंगापूर रोडला मागे टाकेल. परवानगीच्या कागदावर मात्र यातले बरेचसे अनधिकृत ठरते. पदपथ, पार्किंग आणि आगीचा बंब आत शिरण्याची वाट इथे घसरते, हेही खरे. अशा वस्तीला आदर्श म्हणायचे की अतिक्रमण, यावर प्रशिक्षणार्थींमध्ये वाद झाला नाही तर वर्ग फुकट गेला असे समजावे.

नाशिकपुरता दुसरा मोठा धडा पाण्याचा. गोदावरीला शहरात नासर्डी आणि वाघाडी मिळतात, शिवाय असंख्य नाले. जुन्या नाशकातला सरस्वती नाला तर वस्तीखाली गेला आहे, आणि जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी भरते. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा वाचणे सोपे, नाला वाचणे अवघड. लेआउटच्या नकाशात तो एक बारीक रेघ होऊन बसतो किंवा भूखंडाच्या सोयीने काटकोनात वळतो. म्हणून गावनकाशा, मोजणी नकाशा आणि उपग्रहचित्र एकावर एक ठेवून पाहण्याचा सराव द्यावा लागतो. तो पावसाळ्यात, जागेवर उभे राहून दिला तर उत्तम.

कायद्याचा भाग कोरडा, पण टाळता येत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पहिलाच विषय आहे. महाराष्ट्रात आधार १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याचा. नाशिकचा सुधारित विकास आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. १९६६ च्या कायद्याचे कलम १२७ प्रत्येकाला नीट कळले पाहिजे. आराखड्यात सार्वजनिक कामासाठी आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही आणि मालकाने बजावलेल्या खरेदी सूचनेवर मुदतीत पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. वस्तीचे मैदान असे कागदावरच संपू शकते.

याच कायद्यात मधल्या पायरीचे साधन आहे : नगररचना योजना, कर्मचाऱ्यांच्या तोंडी ‘टीपी स्कीम’. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते-उद्याने काढायची आणि मालकांना आकाराने लहान पण सुबक अंतिम भूखंड परत द्यायचे. स्मार्ट सिटी अभियानात मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरातील सुमारे ३०० हेक्टरवर अशी योजना आखली गेली, तेव्हा शेतकऱ्यांच्या एका गटाने कडवा विरोध केला. आखणीचे तंत्र येणे आणि बांधावर बसून ‘माझे किती जाते, किती मिळते’ याचे उत्तर देता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी अभ्यासक्रमात क्वचितच असते.

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांची वानवा नाही. पुण्याची यशदा, १९२६ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था, दिल्लीची राष्ट्रीय नगर व्यवहार संस्था ही नावे ठळक. नाशिक तर शिकवण्याचेच गाव : पोलीस अकादमी इथे, देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण, दिंडोरी रोडला ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘मेटा’.

अडचण माणसांची आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात १२,००० हून अधिक नगररचनाकारांची पदे लागतील, मंजूर आहेत चार हजारांच्या आतबाहेर, आणि त्यांतलीही बरीच रिकामी. महापालिकेत नगररचनेचे वरिष्ठ अधिकारी राज्याच्या संचालनालयाकडून प्रतिनियुक्तीवर येतात आणि बदल्यांच्या नियमाने साधारण तीन वर्षांत पुढे जातात. शिकलेले त्यांच्याबरोबर जाते. कनिष्ठ अभियंता आणि आरेखक निवृत्तीपर्यंत इथेच असतात. सहा विभागीय कार्यालयांत बसून गटार, पथदिवे आणि खड्डे पाहणाऱ्या अभियंत्याला आपल्या भागातली प्रत्येक गल्ली ठाऊक असते. प्रशिक्षणाच्या यादीत त्याचे नाव आधी हवे.