काम तिचं, करार दुसऱ्याच्या हाती: जीन सिमन्सची सुरुवातीची वर्षं

हॉलिवूडची अभिनेत्री जीन सिमन्स बहुतेकांना ठाऊक असते. पण तिथे पोहोचेपर्यंत तिच्या नावावर ब्रिटनमधली सात-आठ वर्षं जमा होती, आणि पुढे कोर्टापर्यंत गेलेल्या भांडणाचं मूळही त्याच वर्षांत आहे.

जन्म ३१ जानेवारी १९२९, लंडन. वडील चार्ल्स सिमन्स १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवणाऱ्या ब्रिटिश जिम्नॅस्टिक्स संघात होते. महायुद्धात मुलीला सॉमरसेटच्या खेड्यात हलवलं गेलं. लंडनला परतल्यावर तिने एडा फॉस्टर यांच्या नृत्यशाळेत नाव घातलं. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट यांनी तिथूनच तिला निवडलं. 'गिव्ह अस द मून' (१९४४) मध्ये ती मार्गारेट लॉकवूडची धाकटी बहीण झाली, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

तिला हे सगळं मजेचं वाटत होतं. घरात चार पैसे येतात, मोठे नट जवळून दिसतात, पुढे लग्न करून संसार थाटायचा, एवढाच बेत. तो मोडला डेव्हिड लीन यांच्या 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स'ने (१९४६). त्यातली लहान एस्टेला तिने अशी काही ताठ्यात उभी केली की मोठी झालेली, दुसऱ्या नटीने साकारलेली एस्टेला पडद्यावर आली की चित्रपट थोडा फिका पडतो, असं माझं तरी मत आहे.

'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) आज भारतीय प्रेक्षकाला अवघडून टाकतो. हिमालयातल्या कथेत कांची नावाच्या मुलीची भूमिका, अंगाला सावळा रंग, नाकात दागिना आणि जवळजवळ संवादच नाहीत. सोबत म्हैसूरचा नट साबू. हिमालय मात्र बहुतेक इंग्लंडच्या पाइनवूड स्टुडिओतला, काचेवर रंगवलेला. तरी नजर आणि नाच एवढ्याच भांडवलावर ती लक्षात राहते, हे नाकारता येत नाही.

मग लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या 'हॅम्लेट'मधली (१९४८) ऑफेलिया. व्हेनिस चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार, शिवाय ऑस्करचं नामांकन. ऑलिव्हिए यांनी सुचवलं, ब्रिस्टल ओल्ड व्हिक या नाट्यसंस्थेत जा, मिळेल ती भूमिका कर, हात बसू दे. पण करार होता पिठाच्या गिरण्यांच्या घराण्यातल्या जे. आर्थर रँक यांच्या कंपनीशी, आणि कंपनीने साफ नकार दिला. चालतं नाणं रंगभूमीवर कोण पाठवेल? तिची रवानगी झाली फिजीला, 'द ब्लू लगून'च्या (१९४९) चित्रीकरणासाठी.

डिसेंबर १९५० मध्ये तिने अभिनेता स्ट्युअर्ट ग्रेंजरशी अमेरिकेत लग्न केलं. त्याच सुमारास रँकने तिचा करार आरकेओ स्टुडिओचे मालक हॉवर्ड ह्यूज यांना विकून टाकला. 'रोमन हॉलिडे'साठी ती हवी होती तेव्हा ह्यूज यांनी तिला सोडलं नाही; ती भूमिका ऑड्री हेपबर्नकडे गेली. वैतागून जीनने कात्री घेतली आणि स्वतःचे केस वेडेवाकडे कापले. परिणामी 'एंजल फेस'मध्ये तिच्या डोक्यावर विग आहे. शेवटी नवरा-बायको मिळून ह्यूज यांच्याविरुद्ध कोर्टात गेले आणि १९५२ मध्ये प्रकरण तडजोडीवर मिटलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं, तेही तीन चित्रपटांसाठी. त्यातले दोन एमजीएम स्टुडिओचे, एक फॉक्स स्टुडिओचा. आरकेओचा एकही नाही.