बिंबाणुबदल, मुलांच्या मूत्रमार्गसंसर्गातील

मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात मुलांच्या रक्तातील बिंबाणूंची म्हणजे प्लेटलेटची संख्या आणि सरासरी आकारमान यांत होणारा फरक. संख्या बहुधा वाढते. घटणे विरळा, पण अधिक गंभीर. एरवी दर मायक्रोलिटर रक्तात सु. १.५ ते ४.५ लाख बिंबाणू असतात. वाढ कितीपासून धरावी याबद्दल मतभेद आहेत. बालरोगशास्त्रात ५ लाखांची मर्यादा अधिक सोयीची ठरते, कारण तान्ह्या मुलांत संख्या मुळातच चढी असते.

बिंबाणू प्रथम कोणी पाहिले हे वादग्रस्त आहे. फ्रेंच वैद्य आल्फ्रेड दॉने यांनी १८४२ च्या सुमारास रक्तातील बारीक गोलकांचे वर्णन केले. ते मेदकण (चरबीचे कण) असावेत असेही मानतात. जर्मन शारीरज्ञ माक्स शुल्ट्से यांचे १८६५ मधील वर्णन अधिक निःसंदिग्ध आहे. तथापि रक्त साखळण्याशी बिंबाणूंचा संबंध इटालियन वैद्य जूल्यो बिझ्झोझेरो यांनी १८८२ मध्ये दाखविला, म्हणून शोधाचे श्रेय त्यांना देणे रास्त वाटते. अस्थिमज्जेतील महाकोशिकांपासून (मेगाकॅरिओसाइट) बिंबाणू तुटून निघतात, हे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जे. एच. राइट यांनी १९०६ मध्ये मांडले.

संसर्गात इंटरल्यूकिन-६ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन वाढते, त्यामुळे यकृतात थ्राँबोपोएटिन हे बिंबाणुनिर्मितीचे संप्रेरक अधिक तयार होते व महाकोशिकांना चालना मिळते. याला वेळ लागत असल्याने पहिल्या दिवसाचा आकडा साधा असून आठवड्याने तो चढलेला दिसू शकतो. मूत्राशयापुरत्या संसर्गापेक्षा वृक्कापर्यंत (मूत्रपिंडापर्यंत) पोचलेल्या संसर्गात वाढ अधिक आढळते. निदान मात्र लघवीच्या कल्चरवरच (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीवरच) होते. बिंबाणूंच्या आकारमानावरून जंतू किंवा संसर्गाची जागा ओळखण्याचे प्रयत्न झाले असले, तरी ते फारसे भरवशाचे नाहीत : रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या द्रव्याच्या नळीत बिंबाणू तासागणिक फुगतात, त्यामुळे काटोल-उमरेडहून नागपूरच्या प्रयोगशाळेत उशिरा पोचलेल्या नमुन्याचा आकारमानाचा आकडा जपूनच वाचावा.

नागपुरात पावसाळ्यानंतर ‘पेशी किती?’ (म्हणजे बिंबाणू किती?) हा प्रश्न डेंग्यूच्या धास्तीने, म्हणजे घटीच्या अंगाने विचारला जातो. वाढलेल्या आकड्याकडे सहसा लक्ष जात नाही. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या तांबड्या कोशिकांच्या आनुवंशिक विकारात प्लीहा (पाणथरी) वारंवारच्या इजेने आक्रसते. एरवी शरीरातील सु. एक-तृतीयांश बिंबाणू तिच्यात साठून असतात. ती निकामी झाल्यावर ते रक्तातच राहतात. अशा मुलाचा आकडा संसर्गाविनाही चढा असतो, म्हणून तुलना त्याच्याच जुन्या अहवालाशी करावी. लोहन्यूनतेतही संख्या वाढते. शिवाय फार लहान तांबड्या कोशिका यंत्र कधीकधी बिंबाणू म्हणून मोजते. शंका असल्यास काचपट्टीवरील रक्तलेप पाहतात.

घट मुख्यतः नवजात अर्भकांच्या जंतुरक्ततेत (जंतुसंसर्ग रक्तात पसरण्यात) आढळते.

वाढीवर वेगळा उपचार लागत नाही. संसर्ग आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत ती ओसरते. रक्ताच्या गुठळीच्या भीतीने ॲस्पिरिन देण्याचे सहसा कारण नसते.