काल्पनिक राज्याची चूल

काल्पनिक दुनिया रचणारे लेखक नकाशे काढतात, राजघराण्यांच्या वंशावळी मांडतात, नवी लिपीसुद्धा घडवतात. जेवणाची वेळ आली की मात्र डोंगरावर असो वा वाळवंटात, प्रत्येक धर्मशाळेत तोच रस्सा रटरटत असतो. मला ते फार खटकतं. पदार्थाचं नाव शोधण्याआधी एवढंच विचारावं: इथे पाणी किती अंशांना उकळतं?

समजा, तुमचं राज्य ४,००० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ८६-८७ अंश सेल्सिअसलाच उकळतं. जाळ कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, नुसतं भराभर आटतं. आपल्या कुकरमध्ये दाबामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि तूरडाळ मऊ मेण होते. त्या राज्यात ती तासन्‌तास शिजवूनही बोटाला कणी लागेल. शिवाय तितक्या उंचीवर झाडं विरळ, म्हणजे सरपणाचीही चणचण.

तिबेटी लोकांनी यावर तोड काढली ती भाजण्याची. भाजताना उकळत्या पाण्याची मर्यादा आड येत नाही. जवाचे दाणे तापलेल्या वाळूत घालायचे, ते तडतडून फुलले की चाळून दळायचे. हा त्साम्पा. लोणी घातलेल्या खारट चहात बोटांनी मळला की जेवण तयार! आपल्या सातूच्या पिठाचा हा सख्खा चुलतभाऊच.

अँडीज पर्वतात तर बटाटा टिकवायला चूलही लागत नाही. बटाटे रात्री उघड्यावर गोठू देतात. बर्फाने पेशी फुटतात, दिवसा उन्हात बटाटा पाझरतो, मग माणसं तो पायांनी तुडवून पाणी काढतात. असं काही दिवस केलं की हलका, खडखडीत ‘चुन्यो’ उरतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. इंकांची कोठारं त्याने भरलेली असत. अशा राज्यात लोक कडाक्याच्या थंडीची वाट पाहतील, त्यांचा मोठा सण त्याच आठवड्यात येईल. कथा इथूनच फुटते.

मक्याचंही तसंच. मेक्सिकोत तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे दाण्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपने मका नेला, चुना मागेच राहिला. मक्यावरच गुजराण करणाऱ्या इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांना पेलाग्रा जडला: कातडी सोलवटली, बुद्धी भ्रमली. तुमच्या कथेतला व्यापारी परमुलखातून नवं धान्य आणणार असेल, तर तिथल्या आजीने ते शिजवताना भांड्यात काय टाकलं, हे त्याने पाहिलं होतं का?