माळ्याची झडप आणि खोलीतला उकाडा

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमधल्या अनेक घरांत वर मंगलोरी कौले किंवा पत्रा, त्याखाली माळा आणि माळ्याखाली लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत, अशी रचना आजही दिसते. माळ्यावर चढण्यासाठी तक्तपोशीत ठेवलेल्या चौकोनी तोंडावर झडप म्हणून बहुधा एखादी फळी नुसती टेकवलेली असते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ३८ अंश असताना उन्हातला पत्रा ६० अंशांच्या पुढे तापू शकतो. अशा वेळी हे तोंड दुर्लक्षून बाकीच्या छतावर केलेला खर्च बराचसा वाया जातो.

उष्णता इथून दोन वाटांनी उतरते. तापलेला पत्रा अवरक्त किरण खाली सोडतो, त्यांनी फळीची वरची बाजू तापते आणि ती धग लाकडातून खाली झिरपते, ही पहिली वाट. दुसरी वाट हवेची, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गरम हवा वरच राहणार, असे आपण धरून चालतो. परंतु दुपारी खोली बाहेरच्यापेक्षा थंड असली, विशेषतः एसी चालू असला, तर खोलीतली जड हवा दाराखालून निसटते आणि तिची जागा घ्यायला माळ्यावरची तप्त हवा झडपेच्या फटींतून खाली ओढली जाते. ६० सेंटीमीटर बाजूच्या झडपेभोवती ३ मिलिमीटरची फट म्हणजे ७२ चौरस सेंटीमीटरचे भोक झाले. चौकटीच्या कडेला धुळीची काळपट रेघ धरलेली असते, ती याच वाऱ्याची खूण होय. पंखा बंद करून तिथे पेटती उदबत्ती धरली, तर धुराच्या वळणावरून फट नेमकी सापडते.

आधी फट बुजवावी, मगच जाडी वाढवावी. चौकटीच्या खाचेत चारही बाजूंनी रबरी फोमची पट्टी अखंड चिकटवावी आणि झडप कडीने आवळून बसेल असे करावे, कारण हलक्या झडपेचे नुसते वजन पट्टी दाबायला पुरत नाही. झडपेच्या वरच्या अंगाला ५० मिलिमीटर जाडीचे थर्माकोल बसवल्यास त्याचा उष्णतारोध १२ मिलिमीटर प्लायवूडच्या सुमारे १५ पट भरतो. थर्माकोल पेट घेते, त्यामुळे ते वायर आणि दिव्यांपासून दूर ठेवून वरून झाकणे आवश्यक आहे. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर, वापरायचे असल्यास हातमोजे आणि मास्क हवेच. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फॉईल किरण परतवते खरी, पण आडव्या झडपेवर धूळ साचली की तिचा गुण ओसरतो.

मात्र कौलांमधल्या फटी बुजवण्याच्या फंदात पडू नये. इथल्या पावसाळ्यात माळ्यावर ओल कोंडली, तर वासे कुजतात. शिवाय सूर्य मावळल्यावर पत्रा लवकर निवतो. मग खालच्या खिडक्या आणि झडप एकदम उघडल्यास खोलीतली गरम हवा माळ्यावाटे बाहेर पडते. म्हणून झडप खिळे ठोकून कायमची बंद करण्यापेक्षा ती बिजागरीवर बसवणे मला अधिक योग्य वाटते.